सोलापूरचा गुडघा आणि मँचेस्टरची मोजपट्टी

(दीर्घ थ्रेड)

सोलापुरात पन्नाशी उलटलेली एखादी विडी कामगार गुडघा धरून दवाखान्यात जाते. एक्स-रे निघतो. अहवालावर इंग्रजीत दोन अक्षरे आणि एक आकडा असतो: के.एल. ग्रेड दोन किंवा तीन. डॉक्टर मराठीत सांगतात, "झीज झाली आहे." बाई घरी येऊन सांगते, "वंगण संपलं म्हणे." हा संवाद इतका ओळखीचा आहे की त्यातील एकाही शब्दाला काही इतिहास असेल असे कुणाला वाटत नाही.

पण 'के.एल.' म्हणजे दोन माणसे: केलग्रेन आणि लॉरेन्स. त्यांनी ही मोजपट्टी तयार केली ती मँचेस्टरमध्ये, कोळसा खाणी आणि कापड गिरण्यांच्या मुलखात. एका कापडनगरीत जन्मलेली मोजपट्टी आज दुसऱ्या कापडनगरीतील कामगाराच्या गुडघ्याला लावली जाते. त्या पट्टीने काय मोजले, काय मोजायचे राहून गेले आणि राहून गेलेले दिसायला किती काळ लागला, हा या थ्रेडचा विषय आहे.

सोलापूरच्या इतिहासाचे नाव काढले की १९३० चा मार्शल लॉ आठवतो, १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे आठवतात, डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते योग्यच आहे. मात्र ज्या गिरणी कामगारांच्या बळावर हे शहर उभे राहिले, त्यांच्या शरीराचा इतिहास फारसा कुणी लिहिलेला नाही. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची 'जुनी मिल', सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. त्या काळच्या भारतीय गिरण्यांतील यंत्रे बहुतांशी लँकेशायरमधूनच येत. (महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून इचलकरंजीचे नाव घेतले जाते, त्याविषयी सोलापूरकरांचे मत विचारू नये.)

गिरण्यांच्या आधीपासून आणि त्यांच्या बरोबरीने इथे हातमाग होता. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तो घराघरांत चालवला. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पट्ट्या आळीपाळीने दाबत राहतो. प्रत्येक धोट्यामागे गुडघा एकदा वाकतो, एकदा सरळ होतो. पुढे यंत्रमाग आले, सोलापुरी चादर आणि टॉवेल जगभर गेले. आता कामगार उभा राहिला आणि दिवसभर मागांच्या रांगेतून चालू लागला. त्याच घरातील बाई मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून, तासन् तास विड्या वळत होती. तिघांची कामे निराळी, पण तिघांचाही भार गुडघ्यावर.

आता शब्दांकडे वळू, कारण या इतिहासात यंत्राइतकेच शब्दांनीही काम केले आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात सांध्यांत शिरलेल्या वाताचे वर्णन येते. तिथे दुखण्याआधी सुजेचा उल्लेख आहे, आणि ती सूज हाताला कशी लागते हेही सांगितले आहे: हवा भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखी. पखाल ज्याने दाबून पाहिली आहे त्याला ही उपमा लगेच कळेल. पुढे माधवाच्या निदानग्रंथात 'आमवात' हा स्वतंत्र विकार म्हणून आला, ज्यात अनेक सांधे सुजतात आणि ताप येतो. आजच्या रोगनावांशी या जुन्या नावांची एकास एक जुळणी करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. इथे मुद्दा एवढाच की त्या वैद्यांकडे बोटांशिवाय दुसरे साधन नव्हते, आणि बोटांना हाड नव्हे, सूज आधी लागते.

युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत साधारण हीच स्थिती होती. १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड बॅरिंग गॅरड यांनी 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचवले आणि सांध्यांचे विकार एकमेकांपासून वेगळे काढण्याला वेग आला. 'आयटिस' या ग्रीक शेपटाचा वैद्यकातील अर्थ दाह: लाली, उष्णता, सूज, वेदना. हे शेपूट लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे ते कापले जाणार आहे.

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना अज्ञात किरणांचा शोध लागला. डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताची प्रतिमा घेतली: हाडे आणि अंगठी. ही प्रतिमा इतकी परिचित आहे की तिच्यात काय नाही हे सहसा कुणी पाहत नाही. त्या हातात सांध्यांची कूर्चा नाही, अस्तर नाही, स्नायुबंध नाहीत. सारे पारदर्शक होऊन गेले आहे.

याचे कारण साधे आहे. क्ष-किरण कॅल्शियमने अडतात. हाडात कॅल्शियम भरपूर, म्हणून ते पांढरे उमटते. गुडघ्याच्या दोन हाडांवर असलेली गुळगुळीत कूर्चा किरणांना जवळजवळ दिसतच नाही. दोन हाडांमधली काळी फट पाहून तिची जाडी ताडावी लागते. आणि सांध्याला आतून लपेटणारे पातळ अस्तर, ज्याला सायनोव्हियम म्हणतात, ज्यातून वंगणासारखा द्रव पाझरतो आणि दाह होतो तेव्हा जे सुजून जाड होते, ते साध्या एक्स-रेत धडपणे ओळखता येत नाही. फार पाणी साठले तर गुडघ्याच्या वाटीवर एक धूसर फुगवटा दिसतो, तोही जाणकाराला.

भारतात हे यंत्र लवकर पोहोचले. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर, ब्रिटिश लष्करी डॉक्टर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधायला ते वापरले. गोळी आणि मोडलेले हाड यांसाठी याहून चांगले साधन नव्हते. सांध्यांच्या विकारांसाठी ते वापरात आले तेव्हा मात्र एक गोष्ट नकळत घडली. जे दिसत होते त्यावरून रोगाची व्याख्या होऊ लागली. १९०४ साली बॉस्टनचे जोएल गोल्डथ्वेट यांनी सांधेविकारांचे दोन ढोबळ गट मांडले: ज्यांत हाड विरळ होते ते आणि ज्यांत हाड वाढते ते. दोन्ही गटांच्या नावांत आता हाडाची अवस्था होती, सुजेचे नाव नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मँचेस्टर विद्यापीठात संधिवाताच्या संशोधनाचे केंद्र उभे राहिले. तिथे जोनास केलग्रेन आले. हा माणूस मुळात वेदनेचा अभ्यासक. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या स्नायूंत व स्नायुबंधांत खारट द्रावण टोचून दुखणे कुठून कुठे पसरते याचे नकाशे तयार केले होते. दुखणे एका जागी असते आणि जाणवते दुसरीकडे, हे त्यांच्याइतके प्रत्यक्ष फारच थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांचे सहकारी जे. एस. लॉरेन्स. दोघांनी लँकेशायरच्या कामगारांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. १९५२ साली खाण कामगारांवरील त्यांचा एक्स-रे अभ्यास प्रसिद्ध झाला. अरुंद बोगद्यांत गुडघ्यांवर रांगत, बसून कोळसा फोडणाऱ्या माणसांच्या गुडघ्यांत व कंबरेत बदल अधिक होते. ली या खाण-गिरणीच्या गावातील सामान्य रहिवाशांचीही त्यांनी पाहणी केली. १९६१ मध्ये लॉरेन्स यांनी कापड गिरणीतील कामगारांच्या सांधेदुखीवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच साली सोलापूरच्या गिरण्यांत साच्यांवर उभ्या असलेल्या माणसांचे गुडघे असे कुणी मोजत होते का, असा प्रश्न इथे मनात येणे साहजिक आहे. सोलापुरात वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेच १९६३ साली.

हजारो एक्स-रे जमा झाले की अडचण येते ती वाचनाची. एक डॉक्टर म्हणतो आजार आहे, दुसरा म्हणतो नाही. १९५७ चा केलग्रेन-लॉरेन्स निबंध मुळात याच अडचणीवर होता: दोन वाचकांची मते किती जुळतात, आणि त्याच वाचकाचे मत दुसऱ्या वेळी स्वतःशी तरी जुळते का? त्यावर उपाय म्हणून त्यांनी शून्य ते चार अशा पाच पायऱ्या ठरवल्या. हाडाच्या कडेला वाढलेले काटे, अरुंद झालेली फट, फटीलगतचे घट्ट पांढरे हाड, बदललेला आकार, या खुणांवरून पायरी ठरायची. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे शंका, दोन म्हणजे निश्चित पण थोडे, चार म्हणजे तीव्र. १९६३ मध्ये नमुन्याच्या एक्स-रेंचा संग्रहही प्रसिद्ध झाला आणि ही पट्टी जगभर गेली.

निबंधाच्या शीर्षकातील एक शब्द महत्त्वाचा आहे. त्यांनी 'ऑस्टिओ-आर्थ्रोसिस' असे लिहिले. 'आयटिस' गेले, 'ओसिस' आले; म्हणजे दाह गेला, नुसती अवस्था उरली. यात त्यांची काही चूक होती असे म्हणता येत नाही. त्यांच्या प्रतिमेत दाह दिसत नव्हता, मग जे दिसले तेच त्यांनी प्रामाणिकपणे मोजले. पण मोजपट्टीचे एक वैशिष्ट्य असते. ती वापरणाऱ्या पुढच्या पिढ्यांना तिच्या मर्यादा माहीत नसतात. त्यांना फक्त आकडा माहीत असतो. गुडघ्याचा हा विकार म्हणजे यंत्राचा भाग घासून जावा तशी झीज, हे चित्र पक्के होत गेले. मराठीत ते इतके पक्के झाले की आपण 'वंगण' म्हणतो, 'वाटी बदलली' म्हणतो. गिरणीत आयुष्य गेलेल्या शहराला ही यंत्राची भाषा चटकन पटली असेल तर नवल नाही.

गंमत अशी की पट्टी पुरेशी नाही हे पट्टी करणाऱ्यांनाच आधी दिसले. १९६६ साली लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी एक्स-रेतील बदल आणि प्रत्यक्ष तक्रारी यांची तुलना प्रसिद्ध केली. नाते होते, पण ढिले. एक्स-रेत बरेच काही बिघडलेली काही माणसे बिनतक्रार फिरत होती, आणि एक्स-रे जवळपास स्वच्छ असलेली काही माणसे कळवळत होती.

या दुसऱ्या गटाचे काय करायचे? दवाखान्यात, कारखान्याच्या कचेरीत, घरातही प्रतिमेत जे दिसत नाही ते 'मनाचे' ठरते. ज्याची झीज ग्रेड एक, त्याने ग्रेड चारचे दुखणे सांगायचे नसते. पट्टी रोग मोजण्यासाठी केली होती. वापरात ती माणसाच्या सांगण्यावर विश्वास किती ठेवायचा हेही ठरवू लागली. या इतिहासातील खरी हानी इथे आहे.

सांध्याच्या आत प्रत्यक्ष डोकावण्याचा एक मार्ग तोपर्यंत जपानमध्ये निघाला होता. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली; क्षयाने आखडलेले गुडघे ही त्यांची चिंता होती. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी सांध्याच्या आतल्या दृश्यांचा चित्रसंग्रह काढला तो १९५७ सालीच. मँचेस्टरमध्ये हाडांच्या सावल्यांना आकडे दिले जात होते, त्याच वर्षी टोकियोत लालसर, सुजलेल्या अस्तराची चित्रे छापली गेली. दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर यायला बराच काळ जावा लागला. शिवाय दुर्बिणीसाठी गुडघ्याला छिद्र पाडावे लागते. गावभर पाहणीसाठी ती कामाची नव्हे.

छिद्राशिवाय आत पाहण्याची सोय ध्वनीने केली. १९७२ साली मॅकडोनल्ड आणि लिओपोल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी एक छोटा प्रश्न सोडवला. गुडघ्यामागे, पोटरीत सूज आली तर ती शिरेतील रक्ताच्या गुठळीमुळे की सांध्यातील द्रव मागे येऊन झालेल्या पिशवीमुळे? दोन्हींचे उपचार अगदी वेगळे. सोनोग्राफीत द्रवाची पिशवी काळी, स्वच्छ दिसली. १९७८ मध्ये कॅनडाच्या पीटर कूपरबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्यापुढची पायरी गाठली: ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या गुडघ्यात साठलेले पाणी आणि जाड झालेले अस्तर त्यांनी ध्वनिचित्रात दाखवले. चरकाच्या वाचकाने ज्याला हात लावला होता ते आता पडद्यावर मिलिमीटरमध्ये मोजता येत होते.

या यंत्राचे तत्त्व समजायला सोपे आहे. कानाला न ऐकू येणारा उच्च ध्वनी त्वचेतून आत सोडायचा आणि परतलेला प्रतिध्वनी टिपायचा. द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून तो काळा. सुजलेले अस्तर करड्या रंगाचे, कधी पापुद्र्यासारखे, कधी गाठींसारखे. हाडाची कड मात्र चकाकते आणि तिच्यापलीकडचे काही दिसत नाही. एक्स-रेच्या अगदी उलट गोष्ट: तिथे हाड दिसायचे आणि बाकी लपायचे, इथे बाकीचे दिसते, हाडाच्या आतले लपते.

तरी एक प्रश्न होता. अस्तर जाड आहे हे दिसले, पण ते आज पेटलेले आहे की जुन्या आजाराचा नुसता वण आहे? याचे उत्तर रक्तप्रवाहात होते. दाह असेल तिथे बारीक रक्तवाहिन्या वाढतात. १९९४ साली मिशिगनमधील संशोधकांनी पॉवर डॉप्लर हे तंत्र मऊ ऊतींमधील असा वाढलेला रक्तपुरवठा टिपण्यासाठी वापरून दाखवले. करड्या चित्रात नारिंगी ठिपके उमटू लागले. 'लाली' हे दाहाचे सर्वांत जुने लक्षण त्वचेखाली, अक्षरशः रंगात, दिसले.

त्याच सुमारास एमआरआय दवाखान्यांत स्थिरावत होते. त्यात कूर्चा, हाडाच्या आतली सूज, अस्तर सारेच दिसते; शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध दिले की दाह झालेले अस्तर उजळते. तपशिलाच्या दृष्टीने याला तोड नाही. पण ते महाग, संथ आणि एका जागी खिळलेले यंत्र आहे. शहराच्या एका टोकाच्या बोगद्यात शिरून अर्धा तास निश्चल पडणे आणि माग बंद ठेवणे, याचा हिशेब प्रत्येक कामगाराला करावा लागतो.

झिजेच्या आजारात दाह किती असतो, हा प्रश्न २००५ साली युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने मोठ्या प्रमाणावर तपासला. गुडघा दुखणाऱ्या ६०० रुग्णांची सोनोग्राफी झाली. ही माणसे ऱ्हुमॅटॉइडची नव्हती, नेहमीच्या 'झिजे'ची होती. अस्तराची जाडी किंवा द्रवाची खोली चार मिलिमीटर किंवा अधिक असेल तर ती धरायची, असा निकष ठेवला. ६०० पैकी २७८ जणांत, म्हणजे सुमारे ४६ टक्क्यांत, सुजलेले अस्तर, साठलेले पाणी किंवा दोन्ही आढळले. १९५७ मध्ये कापलेले 'आयटिस' निम्म्याजवळ गुडघ्यांत परत आले होते.

याचा अर्थ झीज खोटी, असा नव्हे. उरलेल्या ५४ टक्क्यांत दाह दिसला नाही हेही तितकेच खरे. आणि दाह दिसला म्हणजे त्यावरचे औषध सापडले, असेही नाही. पण 'एक्स-रेत फारसे काही नाही' हे वाक्य आता पूर्वीसारखे शेवटचे राहिले नाही.

इथून पुन्हा सोलापूरच्या रस्त्याला लागू. पुणे-सोलापूर मार्गावर, उजनीच्या पाणलोटाकाठी भिगवण आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लोक तिथे जातात. संधिवाताच्या जागतिक साहित्यात मात्र हे गाव दुसऱ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 'कॉपकॉर्ड' हा कार्यक्रम सुरू केला. विकसनशील देशांत महागड्या यंत्रांशिवाय, घरोघर जाऊन, सांधेदुखी किती आहे ते मोजायचे, ही त्यामागची कल्पना. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ती भिगवणला राबवली.

प्रशिक्षित स्वयंसेवक प्रश्नावली घेऊन दारोदार गेले. कुठे दुखते ते माणसाच्या आकृतीवर खुणा करून दाखवायचे. ज्यांना तक्रार होती त्यांना मग डॉक्टरांनी तपासले. ४,०९२ प्रौढांत १८.२ टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. झिजेचा विकार ५.८ टक्के, ऱ्हुमॅटॉइड संधिवात ०.५ टक्के. ग्रामीण भारताचे असे मोजलेले चित्र तोवर फारच दुर्मीळ होते.

या पाहणीची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. मँचेस्टरने आधी प्रतिमा घेतली आणि नंतर माणसाला विचारले. भिगवणने आधी माणसाला विचारले. साधनांच्या टंचाईतून आलेली ही रीत होती खरी. पण एक्स-रे स्वच्छ असलेला माणूस तिच्या जाळ्यातून निसटत नव्हता. दहा वर्षांनी, २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीत, तिची किंमत कळली. महाराष्ट्रभर लोक तापाने पडले, ताप उतरला आणि सांधे मात्र महिनोन् महिने सुजलेले राहिले. अशा रुग्णाच्या एक्स-रेत झीज शोधण्यात अर्थच नव्हता. आजार संपूर्णपणे मऊ ऊतींत होता.

मग सोनोग्राफीचे छोटे यंत्र घेऊन गावोगाव, मागोमाग, सूज पाहत जाणे हा स्वाभाविक पुढचा टप्पा वाटतो. महाराष्ट्रात तो सोपा नाही, आणि त्यामागे वेगळाच इतिहास आहे.

हेच यंत्र गर्भाचे लिंग सांगते. मुलींच्या गर्भांवर त्याचा जो वापर झाला त्याविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि १ जानेवारी १९९६ पासून, म्हणजे भिगवणच्या पाहणीच्याच वर्षी, लागू झाला. २००३ च्या दुरुस्तीने यंत्राच्या विक्रीवरच बंधन आले: नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफी यंत्र विकता येत नाही. पुढे हलवता येणाऱ्या यंत्रांवर आणखी कडक नियम आले. यंत्र गुडघा पाहायचे की गर्भ, हे यंत्राला माहीत नसते. कायद्यालाही यंत्राच्या मालकाच्या शब्दावर विसंबून चालत नाही. त्यामुळे संधिवाततज्ज्ञालाही नोंदणी, परवानगी, कागदपत्रे या सगळ्यातून जावे लागते, आणि यंत्र पाठीवर टाकून वस्तीत जाणे अतिशय अवघड होते.

हा कायदा नको होता असे म्हणण्याचे धाडस महाराष्ट्राचे लिंगगुणोत्तर पाहिलेला कुणी करणार नाही. तरीही त्याची एक किंमत आहे, आणि ती ज्यांनी भरली त्यांत विड्या वळणाऱ्या बायका आहेत. मुली वाचवण्यासाठी बांधून ठेवलेले यंत्र त्यांच्या आयांच्या गुडघ्यापर्यंत सहज पोहोचत नाही.

आता शेवटचा धागा: भरपाई. केलग्रेन-लॉरेन्सनी खाण कामगारांचे गुडघे मोजले १९५२ मध्ये. ब्रिटनच्या कायद्यात कोळसा खाणीतील कामगारांच्या गुडघ्याचा हा विकार व्यवसायजन्य आजार म्हणून दाखल झाला २००९ मध्ये. मधे ५७ वर्षे गेली. बहुतेक खाणी बंद पडल्या होत्या आणि एक्स-रे काढून घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण हयात नसणार. पुढे यादीत गालिचे अंथरणाऱ्या कारागिरांची भर पडली.

भारतात १९२३ च्या भरपाई कायद्याला जोडलेल्या तिसऱ्या अनुसूचीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बिसिनोसिस, नोंदलेला होता. सूतगिरणीच्या पिंजण खात्यात आयुष्य काढलेल्याच्या छातीला त्या कागदावर जागा मिळाली. त्याच गिरणीतील गुडघ्याला त्यात नाव नव्हते. आणि खड्ड्याच्या मागावर किंवा सुपासमोर घरीच बसून काम करणाऱ्याला तर आपण कामगार आहोत हेच आधी सिद्ध करावे लागते.